दहापैकी किती?

१९८०च्या दशकाच्या मध्याला सॅन दिएगोत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करणारा दवाखाना चालवत. वजन झपाट्याने उतरत असलेले रुग्णच मध्येच उपचार सोडून जात. कारण शोधायला मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी लहानपणीच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. पुढे संशोधक रॉबर्ट अँडा यांच्यासोबत त्यांनी मोठं सर्वेक्षण हाती घेतलं आणि १९९८ मध्ये पहिला निबंध आला. ज्यांच्या वाट्याला बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे प्रतिकूल अनुभव आले, त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी जास्त दिसला.

सुरुवातीला प्रकार सात होते, नंतर दहा झाले. प्रत्येक प्रकाराबद्दल विचारायचं, उत्तर 'हो' असेल तर एक गुण. आईवडिलांचा घटस्फोट झाला, एक गुण. लैंगिक अत्याचार झाला, तरीही एकच! तो एकदा झाला की वर्षानुवर्षं, कोणत्या वयात, नंतर जवळ घेणारं कुणी होतं का, यातलं काहीच बेरजेत उतरत नाही. आईला मारहाण झाली तर नोंद. वडिलांना झाली तर रकानाच नाही.

उत्तरं देणारे बहुतेक गोरे, मध्यमवयीन आणि आरोग्यविमा असलेले. त्यामुळे गरिबी, वंशद्वेष, गल्लीतला गोळीबार यादीत आलेच नाहीत. फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी पुढे वंशभेद, असुरक्षित वस्ती, दादागिरी हे प्रश्न जोडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत युद्ध आणि सामूहिक हिंसाही आहे.

व्याख्या ताणली की आकडा फुगतो, आखडली की आटतो. भारत सरकारच्या २००७ च्या अहवालात १२,४४७ मुलांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. तेरा राज्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. बातम्यांत आकडा गाजला. पण अश्लील चित्रं दाखवण्यापासून बलात्कारापर्यंत सारं त्यात मोजलं होतं, हे फारसं कुणी वाचलं नाही. त्याने गांभीर्य कमी होत नाही. फक्त अशा आकड्यांची तुलना जपून करावी लागते.

त्यात आठवणींचा प्रश्न. २०१९ मध्ये जेसी बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी सोळा अभ्यास एकत्र तपासले. बालपणीच ज्यांच्या छळाची नोंद झाली होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी मोठेपणी तो सांगितला नाही. उलट, मोठेपणी सांगणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिकांची बालपणी नोंदच नव्हती. कुणी खोटं बोलत होतं असं नव्हे. दोन पद्धतींनी दोन निरनिराळे गटच हाती लागतात, एवढं खरं.

तरीही २०२० पासून कॅलिफोर्नियात असे गुण मोजणाऱ्या चाचणीमागे डॉक्टरांना २९ डॉलर मिळू लागले. त्याच वर्षी खुद्द अँडा यांनी लिहिलं, की हा गुणांक लोकसमूहाच्या अभ्यासासाठी आहे. एका माणसाचं निदान त्यावरून करू नये. मला त्यांचंच म्हणणं पटतं. तेव्हा मोबाइलवर दहा प्रश्न सोडवून स्वतःचं भविष्य वाचू नका. मागचं काही आजही छळत असेल, तर गुण किती ते न पाहता समुपदेशकाला गाठा.