आकाशाची वही

चित्र शिकताना : भाग ९

मागच्या भागात स्थिरचित्र संपलं. किटली, पेला आणि मागचं कापड तासभर जागचं हललं नाही, त्यामुळे सावल्या निवांत अभ्यासता आल्या. या आठवड्याचा विषय मात्र दहा मिनिटंही एकसारखा राहत नाही. आपण आठवी-नववीच्या मुलांसाठी आकाशावर एक प्रकल्प उभा करणार आहोत.

मुलांची स्मरणचित्रं चाळून पाहा. जत्रा असो, बसस्टॉप असो वा शेतातली लावणी, माणसं आणि झाडं मन लावून काढलेली असतात. आकाश म्हणजे वर उरलेली जागा, आणि तिथे एकच निळा रंग सपाट फिरवलेला. हा आळस नव्हे. मुलांनी आकाश इतक्या वेळा रंगवलेलं असतं की मान वर करून बघायची गरजच वाटत नाही. म्हणून ‘आकाश’ असा विषय फळ्यावर लिहून फुल साइझ शीट हातात दिलं, तर तेच सपाट निळं फक्त मोठ्या आकारात परत येतं. यावर माझं सांगणं एवढंच आहे : पहिले चार आठवडे मोठा कागद काढूच नका, वही काढा. चित्र पाचव्या आठवड्यात, आणि तेही वहीतून.

कॉन्स्टेबलची शिस्त

या पद्धतीचा पाया जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने घालून दिला आहे. त्याचे वडील गिरणीमालक होते आणि तरुणपणी कॉन्स्टेबल त्यांच्या पवनचक्कीत काम करत असे. वाऱ्यावर पोट असलेल्या घरातल्या मुलाला आकाश वाचता यावंच लागतं. पुढे १८२१ आणि १८२२ साली त्याने लंडनजवळच्या हॅम्पस्टेड इथे उघड्यावर बसून आकाशाचे छोटे छोटे तैलरंगी अभ्यास केले. १८२२ च्या एका पत्रात अशा सुमारे पन्नास अभ्यासांचा उल्लेख आहे. त्यातल्या कित्येकांत जमीन नाही, झाड नाही, नुसते ढग आहेत. पाठीमागे त्याने तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि हवा कशी होती ते लिहून ठेवलं. निसर्गचित्राचा भाव सर्वांत जास्त आकाशच बोलून दाखवतं, अशी त्याची धारणा होती. त्यामुळे मोठ्या चित्रातलं आकाश अंदाजाने भरणं त्याला मान्य नव्हतं.

आपल्या वहीचा नियम हाच. चित्र पोस्टकार्डाएवढं, वेळ पंधरा मिनिटं. मागच्या बाजूला तारीख, वेळ, तोंड कोणत्या दिशेला, वारा कुठून, ऊन की ढग, आणि नजरेत भरलेली एक गोष्ट.

पहिला आठवडा : जागा आणि चौकट

एक जागा ठरवा आणि महिनाभर तीच ठेवा. शाळेची गच्ची, घराचं अंगण, जिन्यातली खिडकी, काहीही चालेल. दिशा तीच, वेळही शक्यतो तीच. जागा बदलत राहिली तर बदललं ते आकाश की आपण, हे कळत नाही. जाड पुठ्ठ्यात पोस्टकार्डाच्या प्रमाणात एक खिडकी कापा आणि तिच्यातून बघा. केवढंही मोठं आभाळ असलं तरी चित्रात त्याचा एक तुकडाच येणार, आणि तो तुकडा निवडणं हा रचनेचा पहिला धडा आहे.

शहरातल्या मुलांची तक्रार असते की दोन इमारतींच्या मधली पट्टीच दिसते. ती पट्टीच काढा. चाळीच्या चौकातून वर दिसणारा चौकोन, पाण्याच्या टाक्यांनी कातरलेली कड, तारांनी पाडलेले भाग, हे सगळे रचनेचे तयार आकार आहेत. मोकळ्या माळावरच्या मुलाला ते सहजी मिळत नाहीत.

दोन गोष्टींत तडजोड नाही. सूर्याकडे थेट बघायचं नाही, मावळतानासुद्धा टक लावायची नाही. आणि गडगडाट ऐकू आला की गच्ची तत्काळ सोडायची. परतीच्या पावसाचे दिवस आहेत, दुपारनंतर विजा होतात. तेव्हा उरलेली नोंद घरात बसून आठवणीने पुरी करा.

दुसरा आठवडा : निळ्याची मोजपट्टी

जिनिव्हाचा शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर १७८७ साली माँ ब्लाँ शिखरावर चढला. उंचावर आकाशाचा निळा अधिक गडद होतो, हे त्याला मोजून दाखवायचं होतं. त्याने कागदांना प्रशियन ब्लूच्या चढत्या छटा दिल्या, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, आणि ते गोलाकार लावून एक उपकरण केलं : सायनोमीटर. आकाशासमोर धरायचं, जुळणारी छटा शोधायची आणि तिचा क्रमांक लिहायचा. पुढे अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने हेच उपकरण दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात नेलं आणि अँडीज पर्वतात आकाशाचा निळा मोजला. एका रंगपट्टीवर विज्ञान आणि चित्रकला दोन्ही उभी राहिली, हे मुलांना जरूर सांगा.

ही पट्टी वर्गात एका तासात होते. ड्रॉइंग शीटची लांब पट्टी कापून तिच्यावर बारा चौकोन आखा. बाटलीच्या झाकणात पांढरा पोस्टर कलर घ्या. पहिला चौकोन शुद्ध पांढरा. मग काडीच्या टोकाने प्रशियन ब्लू मिसळत एकेक चौकोन भरत जा. इथे मुलं हमखास अडखळतात आणि तिथेच शिकतात. सुरुवातीला टोकभर निळ्यानेही पांढरा एकदम बदलतो. पुढे तेवढाच निळा घातला तर फरक दिसतच नाही, दर पायरीला जास्त घालावा लागतो. छटा सारख्या अंतराने चढायला हव्यात तर रंग सारख्या मापाने घालून भागत नाही, डोळ्याने ठरवावं लागतं. पोस्टर कलर वाळला की छटाही बदलते, त्यामुळे पूर्ण वाळल्याशिवाय क्रमांक टाकू नका.

आता बाहेर चला. सूर्य पाठीशी ठेवा म्हणजे पट्टीवर ऊन पडेल. हात लांब करून पट्टी धरा आणि दोन नोंदी घ्या : एक उंचावरच्या आकाशाची, दुसरी क्षितिजाच्या जरा वरची. स्वच्छ दिवशी दोन्ही आकड्यांत चांगलंच अंतर पडतं. कारण असं : हवेचे रेणू सूर्यप्रकाशातला निळा भाग तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात, म्हणून आकाश निळं. क्षितिजाकडे बघताना मात्र नजर हवेच्या फार जाड थरातून जाते. तिथे प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो, धूळ आणि बाष्पही असतं, म्हणून निळा फिकट होत पांढुरका होतो.

मुलाने हे दोन आकडे स्वतः लिहिले की सपाट निळा आपोआप सुटतो. पुढच्या चित्रात तो बोर्ड तिरका करून वरून गडद वॉश सुरू करतो आणि खाली येताना पाणी वाढवत जातो. ‘वॉश उतरता घे’ असं वर्षभर सांगूनही जे साधत नाही, ते साधतं, कारण आता त्याला कारण माहीत असतं.

तिसरा आठवडा : ढगांची ठेवण

ल्यूक हॉवर्ड हा लंडनचा औषध-रसायनांचा व्यावसायिक. ढग बघण्याचा त्याला लहानपणापासून नाद. १८०२ साली त्याने एका व्याख्यानात ढगांचे मूळ प्रकार मांडले आणि त्यांना लॅटिन नावं दिली. भूगोलाच्या पुस्तकात मुलं वाचतात ती सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस ही नावं तिथली. कलेच्या तासाला भूगोलाचं पुस्तक उघडायला लावण्याची ही चांगली संधी आहे.

चित्र काढणाऱ्याने क्युम्युलसचा तळ नीट पाहावा. मुलं ढग सगळीकडून गोल काढतात. खरा क्युम्युलस वरून गोबरा आणि खाली सपाट असतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते, जाताना थंड होते, आणि एका ठरावीक उंचीला तिच्यातलं बाष्प थेंबांत बदलू लागतं. त्या उंचीला ढगाचा तळ. आसपासच्या ढगांचे तळ साधारण एकाच पातळीवर असतात, जणू काचेच्या एकाच फळीवर मांडलेले. ही पातळी लक्षात आली की यथार्थदर्शन आकाशालाही लागू होतं : डोक्यावरचे ढग मोठे आणि सुटे, क्षितिजाकडचे लहान, चपटे, एकमेकांना चिकटलेले. आकाशाला खोली येते ती इथून.

तळाचा रंगही तपासा. पांढऱ्या ढगाचा तळ करडा असतो, आणि तो काळा-पांढरा मिसळून केलेला करडा कधीच वाटत नाही. अल्ट्रामरीन ब्लूमध्ये थोडा बर्न्ट सिएना घाला. निळा जास्त ठेवला तर थंड करडा, तपकिरी जास्त ठेवला तर उबदार. कडा सगळीकडे सारख्या नकोत : उन्हाकडची कड धारदार, सावलीकडची ओल्यावर ओला रंग सोडून विरलेली.

सध्याचे दिवस यासाठी उत्तम. सकाळी पावसाने धुतलेलं आकाश, बाराच्या सुमारास कापसाचे पुंजके, आणि तीन-चारनंतर त्यातलाच एखादा फुगत क्युम्युलोनिंबस होतो. तो दहा किलोमीटरच्याही वर जातो, तिथे त्याची वाढ अडते आणि माथा ऐरणीसारखा आडवा पसरतो. सुट्टीच्या दिवशी एकाच ढगाची तासातासाने चार चित्रं काढा. वहीतली ही पानं सर्वांत बोलकी ठरतात.

चौथा आठवडा : संध्याकाळ

ऑगस्ट १८८३ मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याचे अतिसूक्ष्म कण वातावरणात उंच पसरले आणि पुढचे कित्येक महिने जगभर सूर्यास्तानंतरचं आकाश विलक्षण रंगलं. लंडनच्या चेल्सी भागात राहणारा विल्यम ॲस्क्रॉफ्ट टेम्सच्या काठी बसून खडूने ती आकाशं टिपत राहिला. अशी पाचशेहून अधिक चित्रं त्याने केली. रॉयल सोसायटीने १८८८ साली क्राकाटोआवर अहवाल काढला, त्यात त्यातली काही छापली गेली. रंगीत छायाचित्रण हाताशी नसलेल्या काळात ही घाईघाईची चित्रं शास्त्रज्ञांना पुरावा म्हणून उपयोगी पडली.

आपणही खडूच वापरू. संध्याकाळी जलरंग वाळेपर्यंत आकाश बदललेलं असतं. एका पानावर चार चौकटी आखा. सूर्य मावळल्यावर पहिली, मग दर दहा मिनिटांनी एक. फक्त रंगाचे पट्टे, आकार नकोत. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवा ओलांडून येतो. वाटेत निळा विखरून जातो आणि नारिंगी-तांबडा उरतो. नारिंगी आणि निळा यांच्या मधे कोणते रंग येतात, ते चौकटीत शोधा. मुलं तिथे सवयीने नारिंगीवरून थेट निळ्यावर जातात. प्रत्यक्षात मधे फिका पिवळा असतो, कधी हिरवट झाकही असते.

वहीतून चित्र

पाचव्या आठवड्यात वही जमिनीवर पसरा. पानं सुटी केलीत तर आणखी बरं. मुलाला एकच प्रश्न विचारा : यातलं कोणतं पान तुला परत परत बघावंसं वाटतं? अंतिम काम त्या पानातून निघू दे. कुणाचं मोठं जलरंग चित्र होईल. कुणी महिनाभराच्या निळ्या छटा चौकोनांत मांडून आकाशाचं कॅलेंडर करील. कुणी इमारतींमधल्या पट्ट्यांचे आकार कापून कोलाज करील. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांनी ‘स्काय मिरर’ या शिल्पात पोलादाचा अंतर्गोल आरसा वर कलता ठेवला आणि आकाश जमिनीवर आणलं. तो फोटो दाखवा आणि पाण्याची परात किंवा स्टीलचं ताट घेऊन मुलांना प्रयोग करू द्या.

शिक्षकांना एक कळकळीची विनंती. प्रकल्पाला वीस गुण असतील तर दहा वहीला द्या. हात चांगला असलेलं मूल एका रात्रीत देखणं चित्र करून आणतं, पण चार आठवड्यांची वही एका रात्रीत होत नाही. आणि ज्याची रेषा अजून कच्ची आहे, पण ज्याने रोज मान वर करून खरं ते लिहिलं, त्याला त्या दहा गुणांतून कळतं की बघणं हेही चित्रकलेतलं काम आहे, आणि ते त्याला जमतं. शाळेनंतर रंगपेटी सुटली तरी ही सवय राहते.

या आठवड्याचं काम : जागा ठरवा, पुठ्ठ्याची खिडकी कापा, रोज एक याप्रमाणे सात नोंदी करा. पुढच्या भागात निळ्याच्या पट्टीतल्या चुका कशा दुरुस्त करायच्या आणि उतरता वॉश डाग न पडता कसा सोडायचा, ते पायरीपायरीने पाहू. त्यासाठी जाड कागद आणि रुंद ब्रश तयार ठेवा.