दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून

गेल्या दिवाळीत माझ्या मामांनी मोबाईलवर एक कादंबरी वाचायला घेतली आणि चौथ्या पानावर सोडून दिली. "अगं, डोळेच गेले बघ आता माझे," म्हणाले. फोन हातात घेऊन पाहिला, तर डोळ्यांचा काही दोष नव्हता. कुणीतरी व्हॉट्सॲपवर धाडलेली पीडीएफ होती. दोन बोटांनी पान मोठं करायचं, ओळ संपेपर्यंत उजवीकडे सरकवायचं, मग पुढची ओळ शोधत पुन्हा डावीकडे यायचं. असं वाचलं तर तिशीतल्या माणसाचंही डोकं दुखेल.

हिशेब अगदी साधा आहे. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो आणि फोनचा पडदा साधारण ७०. म्हणजे पान तीन पटींनी आक्रसतं आणि १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं होतं. डेमी आकाराचं पुस्तक असेल तर निम्म्यावर भागतं, पण सहा पॉइंट तरी कोण वाचणार? यात पीडीएफचा गुन्हा नाही. ॲडोबीने १९९३ साली ती आणली तीच मुळी मांडलेलं पान कुठेही, कशावरही जसंच्या तसं दिसावं म्हणून. हट्टीपणा हाच तिचा गुण. ईपब हा प्रकार २००७ पासूनचा. त्यात ठरलेलं पान नसतंच. मजकूर सुटा असतो आणि पडद्याची रुंदी, तुम्ही निवडलेला अक्षराचा आकार बघून ॲप प्रत्येक वेळी पान नव्याने मांडतं.

म्हणून "वाचायला कुठलं ॲप चांगलं?" हा प्रश्न कुणी विचारला की मी उलट विचारते, फाइल कसली आहे? ती चुकीची असेल तर ॲप बदलून फार काही हाती लागत नाही.

मराठीत ही अडचण जरा जास्तच आहे, आणि त्याला कारण आहे. आपली कितीतरी पुस्तकं श्रीलिपी, आकृती अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेली आहेत. त्यांत संगणकाच्या लेखी साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना फक्त मराठीचा मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की खाली अगम्य चिन्हांचा ढीग. अशा फाइलचा ईपब करायचा तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर आणि मग नव्याने मुद्रितशोधन. त्यापेक्षा छपाईला दिलेली पीडीएफच 'ई-बुक' म्हणून देणं सोपं. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं तर नुसती छायाचित्रंच. त्यांच्यासाठी एवढंच करता येतं: रीडएरा किंवा लिब्रेरासारख्या ॲपमध्ये पानाचे कोरे समास कापायचे आणि फोन आडवा धरायचा.

ईपब हाती असेल तर मात्र निवडीला अर्थ येतो. अँड्रॉइडवर मला रीडएरा आवडतं: फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडा म्हणून मागे लागत नाही. मून प्लस रीडरमध्ये बटणांचं जंगल आहे, पण आपला फॉन्ट घालता येतो आणि पडद्याच्या डाव्या कडेवरून बोट फिरवलं की उजेड कमी-जास्त होतो. आयफोनवर ॲपल बुक्स आयतं असतं. गूगल प्ले बुक्समध्ये स्वतःची ईपब फाइल चढवता येते आणि वाचनखूण फोन-संगणक दोन्हीकडे सापडते. विकत घेतलेल्या पुस्तकांचं वेगळं. किंडलच्या भारतीय दुकानात २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं आहेत, पण ती किंडलमध्येच वाचायची. बुकगंगाचंही तसंच, त्यांची पुस्तकं त्यांच्या ॲपमध्ये. तिथे ॲप तुम्ही निवडत नाही, पुस्तकाबरोबर ते येतं.

आता खरी गंमत. ही बहुतेक ॲपं इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून बेतलेली आहेत. फॉन्टच्या यादीत जॉर्जिया निवडा, मराठी अक्षर ढिम्म हलणार नाही, कारण जॉर्जियात देवनागरी नाहीच. फोन आपल्या पदरचा फॉन्ट वापरतो. हा फॉन्ट कसा आहे हे ओळखायची माझी एक खूण आहे. पुस्तकात 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असा एखादा शब्द शोधायचा. 'ऱ्या'तला तो आडवा अर्धा र नीट दिसला तर ठीक. त्याचा रफार झाला असेल तर सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होतो आणि लग्नात जिलब्या तळणाऱ्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. हा दोष कधी फॉन्टचा, कधी टंकलेखनाचा. दुसरी खूण 'ल' आणि 'श'. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी या दोन अक्षरांची आपली वळणं सांगितली आहेत, पण पुष्कळ फॉन्टांत हिंदी वळणाचीच येतात. अर्थ बिघडत नाही, पण शाळेपासून ज्या वळणाची सवय, त्याच्याशी डोळा सारखा अडखळतो. आपला फॉन्ट घालता येत असेल तर टिरो देवनागरी मराठी घालून बघा. नावाप्रमाणेच तो मराठी वळणांचा आहे आणि मोफत मिळतो. पुस्तकी अक्षर नको असेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता साधा, मोकळा आहे.

मामांच्या फोनवर पीडीएफऐवजी ईपब उघडल्यावर मी सगळ्यात आधी ओळींमधली जागा वाढवली. रोमन अक्षराच्या वर-खाली फारसं काही घडत नाही. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार अशी दुमजली वस्ती. जागा कमी पडली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत पाय अडकवतो. अक्षराच्या दीडपट अंतर ठेवलं की पान श्वास घेतं. मग अक्षर एवढं मोठं केलं, की एका ओळीत पाच-सहा शब्द बसावेत. मामांना ते आधी बालभारतीचं पुस्तक वाटलं.

त्यानंतर ओळी दोन्ही कडांना ताणून बसवणं बंद केलं. छापील पुस्तकात सरळ कडा शोभतात. फोनच्या अरुंद ओळीत मात्र 'स्वातंत्र्यपूर्वकाळातल्या' असा एक शब्द आला की तो खालच्या ओळीत जातो आणि वरचे तीन शब्द एकमेकांपासून रुसल्यासारखे दूर उभे राहतात. डावी कड सरळ, उजवी वेडीवाकडी, हेच बरं. शब्द तोडून जोडरेघ देण्याची सोय असेल तर तीही बंद. जोडाक्षराच्या मधोमध सुरी चालवायला ही ॲपं कचरत नाहीत. पान उलटल्याचं नाटक करणारी चलचित्रंही काढली आणि आवाजाच्या बटणाने पान पुढे जाईल असं केलं. लोकलमध्ये एका हाताने दांडा धरून वाचणाऱ्यांना याची किंमत कळेल.

रंगाचं फार बोललं जातं, त्यामानाने काम सोपं आहे. दिवसा फिकट पिवळसर पार्श्वभूमी, प्रकाशक ज्याला नॅचरल शेड म्हणतात त्या कागदासारखी. रात्री काळ्यावर पांढरंशुभ्र नको, करडी अक्षरं ठेवा, नाहीतर कडा फुटल्यासारख्या दिसतात. उजेड खोलीतल्या उजेडाएवढाच.

झोपेचं भय मात्र थोडं प्रमाणात घ्यावं. २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ज्या अमेरिकी प्रयोगाचा दाखला नेहमी देतात, त्यात १२ जण होते. ते झोपण्याआधी चार-चार तास पूर्ण उजेडावर ठेवलेल्या टॅबलेटवर वाचत होते आणि कागदी पुस्तक वाचण्याच्या तुलनेत त्यांना झोप लागायला दहाएक मिनिटं जास्त लागली. रहस्यकथा रंगली तर कागदावरही एवढा उशीर होतोच. माझी झोप वाचनापेक्षा वरून टपकणाऱ्या कौटुंबिक ग्रुपच्या सुप्रभातांनी जास्त मोडते. वाचताना सूचना बंद ठेवा.

मामा आता सकाळी भाजी निवडताना फोनकडून वाचून घेतात. फोनमध्ये मराठी आवाज घालता येतो आणि रीडएरा, मून प्लस त्याच्याकडून पुस्तक वाचवून घेतात. आवाज कोरडा आहे, भाव शून्य, पण मजकूर युनिकोडमध्ये असेल तर चालतं. जुन्या फॉन्टातली पीडीएफ त्याला वाचायला दिलीत तर काय ऐकू येतं, हा अनुभव एकदा जरूर घ्या.

भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तकं सर्वांसाठी खुली होतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं २०११ पासून मोकळी आहेत. अशा पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत धुंडाळा, तिथून ईपब उतरवून घेता येतो. विकत घेणार असाल तर आधी नमुना-प्रकरण उतरवा, त्यात एखादी 'दरी' अनेकवचनात गाठा आणि मगच पैसे भरा. आणि प्रकाशकांनो, नवं पुस्तक तुम्ही युनिकोडमध्ये जुळवत असाल तर इनडिझाइनमधून पीडीएफ निघते तसा ईपबही निघतो. थोडी डागडुजी करावी लागेल. ती करा, पण छपाईची पीडीएफ ई-बुक म्हणून विकू नका.