तेल दिलं आणि वळीव आला

मैत्रिणींनो, मे महिन्यात आम्ही खर्डीकडे दारं, ओटीवरचं सागवानी बाकडं अळशीच्या तेलानं पुसून घेतो. आणि नेमका त्याच संध्याकाळी वळीव येतो! अशा वेळी घाईनं वर दुसरा हात मारू नका. ओल आत कोंडते, लाकूड चिकट राहतं. अळशीचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होतं, आणि गार, दमट हवेत त्याला फार वेळ लागतो.

पाणी सुती फडक्यानं नुसतं टिपा. दोन-तीन दिवस वारा लागू द्या. तरी बोट चिकटलं, तर टर्पेंटाइनच्या फडक्यानं जादा तेल काढा. डाग राहिला तर बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेनं फिरवा, मग एकच पातळ हात. बाकड्याच्या पायांचे तळ विसरू नका, ओल तिथूनच चढते.

तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आम्ही ती अंगणात एकेक पसरून वाळवतो. पाऊस असेल तर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवतो.