समजून घ्या : इंटरसेप्टरने ओळखलेला ग्राहक पुढच्या कोडला कळतो कसा?

बोरिवली किंवा अंधेरीहून निघालेला जेवणाचा डबा चर्चगेटच्या कार्यालयात पोहोचेपर्यंत अनेक हातांतून जातो. तरी तो सहसा चुकत नाही. कारण स्टेशन, इमारत, मजला हे सगळे झाकणावरच रंगवलेले असते. १८९० पासून चाललेले हे काम कुणा एकाच्या लक्षात राहण्यावर सोडलेले नाही.

मोबाइल अ‍ॅपमागच्या जावा वेब सर्व्हिसमध्येही अशीच साखळी असते. तुम्ही खात्यातली शिल्लक पाहायला बटण दाबले की विनंती आधी इंटरसेप्टरकडे जाते. तो टोकन तपासून ग्राहक कोण हे ठरवतो. शिल्लक काढणारा कोड त्याच्यापुढे असतो. त्याला ग्राहक क्रमांक सांगायचा कसा? मेथडचे पॅरामीटर सर्व्हिसच्या करारात आधीच ठरलेले असतात. आणि क्रमांक अ‍ॅपनेच पाठवायचा म्हटले, तर कुणीही शेजाऱ्याचा पाठवेल.

घाईत तो क्रमांक सर्व्हिस क्लासच्या फील्डमध्ये ठेवला जातो. इथेच घात होतो. अपाची सीएक्सएफमध्ये एरवी सर्व्हिसचा एकच ऑब्जेक्ट सगळ्या विनंत्या हाताळतो. अंधेरीच्या ग्राहकाचा क्रमांक लिहिला आणि त्याच क्षणी मुलुंडच्या ग्राहकाची विनंती आली, तर एकाची शिल्लक दुसऱ्याच्या फोनवर दिसू शकते. थ्रेडलोकल त्यापेक्षा बरे. पण सर्व्हर तेच थ्रेड पुन्हा वापरतो. काम झाल्यावर क्रमांक पुसायचा राहिला की तो पुढच्या विनंतीला चिकटतो. चाचणीत टेस्टर एकटाच असतो, त्यामुळे ही चूक सापडतही नाही.

म्हणून खूण डब्यावर, म्हणजे त्याच विनंतीच्या मेसेजवर करायची. सीएक्सएफच्या इंटरसेप्टरमध्ये मेसेजच्या 'पुट'ने नाव आणि मूल्य ठेवायचे. सर्व्हिसमध्ये 'वेबसर्व्हिसकॉन्टेक्स्ट'कडून 'मेसेजकॉन्टेक्स्ट' घेऊन त्याच नावाने 'गेट' करायचे. इंटरसेप्टर 'इन्व्होक' टप्प्याआधी चालला पाहिजे, हे उघडच. उत्तराच्या वाटेवरही तीच माहिती हवी असेल तर ती 'एक्स्चेंज'मध्ये ठेवावी; परतीचा मेसेज वेगळा असतो.

जॅक्स-डब्ल्यूएसचा प्रमाण हँडलर वापरणाऱ्यांना आणखी एक खाचखळगा भेटतो. हँडलरने ठेवलेली माहिती मुळात हँडलरांपुरतीच असते. 'सेटस्कोप' वापरून तिची कक्षा 'अ‍ॅप्लिकेशन' केली नाही, तर सर्व्हिसच्या हाती 'नल' येतो. अशा वेळी विनंती सरळ नाकारावी. तात्पुरता म्हणून कुठलाही ठरावीक ग्राहक क्रमांक तिथे टाकू नये.