क्षुद्रा नौका : एका निवृत्त मास्तराचा उद्योग

नोकरींत असतांना मनुष्यास वेळ पुरत नाहीं आणि नोकरी सुटल्यावर तो सरत नाहीं. आमच्या आधीं निवृत्त झालेल्या मंडळींनीं हें आम्हांस आगाऊ सांगितलें होतें. परंतु तें आमच्या बाबतींतही खरें ठरेल असें वाटलें नव्हतें. छत्तीस वर्षें आम्हीं मुलांना संस्कृत, आणि मास्तर कमी पडत तेव्हां गणितही शिकविलें. निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने वाचनांत गेले. सातव्या महिन्यांत असें दिसून आलें कीं, आम्ही घरांतील प्रत्येकाच्या कामांत लक्ष घालूं लागलों आहों. भाजी कशी चिरावी, सुनेनें दूध केव्हां तापवावें, नातवानें ‘ळ’ कसा काढावा, या सर्वांवर आमचें मत तयार असे. शेवटीं एके दिवशीं आमच्या सौभाग्यवतींनीं स्पष्टच सांगितलें, “अहो, तोंडाला पुष्कळ काम झालें, आतां हाताला कांहीं तरी शोधा.”

पुढें थोड्याच दिवसांनीं थोरल्या चिरंजीवाकडे मुंबईस जाणें झालें. तेथें नातवंडांना घेऊन भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत गेलों. १८७२ सालीं जनतेस खुली झालेली ती वास्तु पाहण्यासारखी आहेच. परंतु आमचे पाय खिळले ते कांचेच्या कपाटांतील नौकांच्या प्रतिकृतींपाशीं. एवढ्याशा लांकडी होड्या, पण मोठ्या नौकेचा डौल त्यांत उतरलेला होता. धाकट्या नातवानें विचारलें, “आजोबा, आपल्याला करतां येईल का हें?” छत्तीस वर्षें मुलांना ‘प्रयत्न करून पहा’ असें सांगत आलेल्या मनुष्यास ‘नाहीं’ म्हणणें जड गेलें.

धाराशिवास परतल्यावर हा बेत बोलून दाखविला तेव्हां शेजारी हंसले. आमचा जिल्हा डोंगरपठाराचा, पाऊस बेताचा. उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याची विवंचना. येथें गलबत बांधणें म्हणजे वाळवंटांत छत्री शिवण्यासारखेंच. परंतु हंसणारांस एक गोष्ट आठवत नव्हती. आमच्याच जिल्ह्यांतील तेर गांव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नांवाच्या समुद्रवर्णनांत या तगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें मोठें नगर असून तेथील जाडेंभरडें व तलम कापड गाड्यांत घालून, धड रस्ता नसलेल्या मुलखांतून, भडोच बंदरास नेत, असें तो लेखक सांगतो. तेथून पुढचा प्रवास जहाजाचा. म्हणजे आमच्या तेरणेकांठच्या विणकराचें कापड ज्या नौकांत चढलें, त्या नौकांशीं आमचा अगदींच संबंध नाहीं असें नव्हे. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचें जहाज उमटविलेलें आहे, तें कांहीं उगीच नाहीं.

आतां संस्कृताचा मास्तर कोणतेंही काम ग्रंथापासूनच आरंभितो. राधाकुमुद मुखर्जी यांच्या १९१२ सालच्या भारतीय नौकानयनावरील इंग्रजी ग्रंथाच्या द्वारें आम्ही भोजराजाच्या नांवावर चालत आलेल्या ‘युक्तिकल्पतरु’पर्यंत पोहोंचलों. त्यांत नौकांचे सामान्य व विशेष असे भेद केले असून सामान्य नौकांचे दहा प्रकार मापांसह दिले आहेत. सर्वांत लहान ती ‘क्षुद्रा’, १६ हात लांब, ४ हात रुंद, ४ हात उंच. सर्वांत मोठी ती ‘मन्थरा’, १२० हात लांब व ६०-६० हात रुंद व उंच. लांकडाचेही चार वर्ण सांगितले आहेत. हलकें, मऊ व सहज जुळणारें तें ब्राह्मण. हलकें पण कठीण तें क्षत्रिय, आणि नौकेस क्षत्रियच उत्तम. समुद्रांत लोहचुंबकाचे खडक असतात, म्हणून नौकेच्या जोडकामांत लोखंड वापरूं नये, असाही इशारा आहे.

आमची दृष्टि अर्थातच मन्थरेवर गेली. सहा हातांस एक इंच या प्रमाणानें आम्हीं वीस इंच लांब, दहा इंच रुंद व दहा इंच उंच असा सांगाडा प्लायवुडांतून दोन महिने खपून तयार केला. ग्रंथाशीं त्याचें एकही माप चुकलें नव्हतें. तरीही तो पाहून घरांतील कोणासही समुद्राची आठवण होईना.

आमच्या आळीच्या टोंकाशीं एका सुताराचा कारखाना आहे. मालक आमचाच जुना विद्यार्थी. आठवींत आम्हीं त्यास भूमितींत नापास केलें होतें. इतकेंच नव्हे, तर ‘तुला धड रेघ मारतां येत नाहीं, तूं पुढें काय करणार?’ असें भर वर्गांत विचारलेंही होतें. तें त्याच्या स्मरणांत असेल काय, या शंकेनें आम्ही चार दिवस त्याच्या दारावरून नुसतेच येत जात राहिलों. पांचव्या दिवशीं त्यानेंच हांक मारली. आम्हीं सांगाडा पुढें ठेवला. त्यानें तो फिरवून पाहिला व आदरानें म्हणाला, “पेटी झकास झाली, गुरुजी. झांकण कधीं करायचं?”

मग आमच्या ध्यानांत आलें कीं, लांबीच्या निम्मी रुंदी आणि तितकीच उंची म्हटल्यावर दुसरें काय होणार! ग्रंथकारानें मापें दिलीं; वळण कारागिराच्या हातांत होतें, तें त्यानें लिहिलें नाहीं. आमच्यापाशीं श्लोक होता, वळण नव्हतें. यादीच्या तळाशीं असलेल्या क्षुद्रेकडे आम्ही तेव्हां कोठें वळलों. तिची लांबी रुंदीच्या चौपट. दीड फुटाचा हात धरला तर ती २४ फूट लांब व ६ फूट रुंद होते. आणि फुटास अर्धा इंच धरल्यास प्रतिकृति बरोबर एक फूट लांब व तीन इंच रुंद. उंचीचें माप मात्र सुताराच्या सल्ल्यानें निम्म्यावर आणिलें. तो एकदां मालवणास जाऊन आला होता व तेथील होड्या त्यानें डोळे उघडे ठेवून पाहिल्या होत्या.

काठाची वक्ररेषा काढण्यासाठीं आम्ही कंपास घेऊन निरनिराळीं केंद्रें शोधीत बसलों होतों. त्यानें बांबूची एक पातळ कामटी घेतली, फळीवर तीन खिळे ठोकले, कामटी त्यांच्यामधून वांकविली आणि पेन्सिल फिरविली. एका दमांत अशी रेघ उमटली कीं, आमचीं सहा वर्तुळें लाजावीं. आम्हीं विचारलें, “ही बरोबर आहे हें तुला कशावरून कळलें?”

“डोळ्याला खुपत नाहीं, गुरुजी.” थोडें थांबून तो म्हणाला, “तुमच्या वर्गांत कंपास होता. ही कामटी नव्हती.”

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. असता तर बरें झालें असतें. रागास उत्तर देतां येतें. आम्ही रेघ न्याहाळीत राहिलों आणि तो विषय तेवढ्यावरच राहिला. दुसऱ्या दिवसापासून मात्र आम्ही रोज दुपारीं दोन तास त्याच्या कारखान्यांत जाऊं लागलों, आणि तेथें सांगणारा तो व ऐकणारे आम्ही.

ज्यांना हा उद्योग करून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठीं यांतील खरी मेख सांगतों. नौकेच्या तळाशीं लांबच लांब कणा असतो, त्यास पठाण म्हणतात. त्यावर बरगड्यांसारखे वांक उभे करितात आणि वांकांवर फळ्या बसवितात. सारख्या रुंदीच्या फळ्या एकीवर एक लावीत गेलें कीं झालें, असें नवशिक्यास वाटतें. तसें करूं जातां चौथी-पांचवी फळी टोंकाकडे वर चढूं लागते आणि पुढच्या फळ्यांना तेथें जागाच उरत नाहीं. कारण नौकेचें पोट मध्यें मोठें व टोंकांस लहान. आमच्या नौकेच्या मधल्या वांकाचा एका बाजूचा घेर, पठाणापासून कांठापर्यंत, ६० मिलिमीटर भरला; टोंकाजवळच्या वांकाचा ४०. फळ्या दोन्ही ठिकाणीं दहाच. म्हणून प्रत्येक फळी मध्यें ६ मिलिमीटर व टोंकाशीं ४ मिलिमीटर रुंद पाहिजे. प्रत्येक वांकावर कागदाची पट्टी लपेटून घेर घ्यावा, पट्टीचे दहा समान भाग करावे, त्या खुणा वांकावर उतराव्या आणि फळी त्यांस जुळेल अशी निमुळती करावी. फळी मूळच्या रुंदीच्या निम्म्याहून अरुंद होऊं लागली तर दोहोंच्या जागीं टोंकाकडे एकच घालावी. हा सगळा भाग त्रैराशिकाचा. एवढा एकच आम्हांस कोणी शिकवावा लागला नाहीं, हें सांगण्याचा मोह आवरत नाहीं.

लांकूड आम्हीं शिवणीचें घेतलें. भोजराजाची क्षत्रिय लांकडाची शिफारस खऱ्या समुद्रासाठीं ठीक आहे. फूटभर नौकेस मऊ व सहज जुळणारें ब्राह्मण लांकूडच सोसतें, यावर आमच्या घरीं पुष्कळ विनोद झाले. सुतारानें दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापून दिल्या. पट्टी अर्धा तास कढत पाण्यांत भिजवावी, हलक्या हातानें वांकवून सांगाड्यावर बसवावी, कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनीं धरून ठेवावी आणि पुरती वाळल्यावरच डिंक लावावा. आम्हीं घाईनें पहिल्या चार ओल्याच डिंकविल्या. वाळतांना त्या आंखडल्या व मध्यें फटी पडल्या. त्याहून मोठी चूक म्हणजे डावी बाजू पुरी करून मग उजवीकडे वळलों. एकीकडच्या ओढीनें पठाणच वांकला. एक फळी डावीकडे, कीं लगेच तिची जोडीदारीण उजवीकडे, असें चालावें.

दोरांसाठीं शिवणाचा जाड दोरा मेणावरून दोन-तीनदां ओढून घेतला कीं त्याची लव बसते. साठीच्या पुढें डोळ्यांना भिंग आणि मनगटाला टेंकू लागतो. त्यांत कमीपणा नाहीं. खिडकीजवळच्या उजेडांत बसावें, घांसतांना नाकावर फडकें बांधावें, आणि पटाशीच्या पुढें दुसरा हात कधींही ठेवूं नये. शेवटचा नियम आमच्या डाव्या आंगठ्यानें पाठ केला आहे.

परदेशांतून तयार साहित्याच्या पेट्याही येतात. त्यांत सांगाडा कापलेला व नकाशा छापलेला असतो, सोय चांगली. परंतु झांकणावरचें शंभर तोफांचें जहाज पाहून भुलूं नये. एक डोलकाठी, एक शीड, थोड्या फळ्या, एवढ्यावरच पहिला हात बसवावा. मन्थरेचा सांगाडा आमच्या माळ्यावर अजून आहे. सौभाग्यवती त्यांत जुनीं वर्तमानपत्रें ठेवितात.

प्रतिकृति म्हणजे पोरखेळ, असें आमचे एक स्नेही म्हणत. त्यांना आम्हीं कौंडिण्य नौकेची हकीकत ऐकविली. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांतील जहाजाच्या चित्रावरून, फळ्या काथ्याच्या दोरानें शिवून, गोव्यांत बांधलेली ही नौका २१ मे २०२५ रोजीं कारवारास भारतीय नौदलांत दाखल झाली. केरळचे कारागीर त्या कामावर होते. जुना नकाशा कोणापाशींच नव्हता. होतें तें भिंतीवरचें चित्र. तेव्हां समुद्रांत घालण्यापूर्वीं मद्रासच्या आय. आय. टी. मध्यें प्रतिकृतीवर चांचणी घेऊनच तिचे गुणदोष पारखावे लागले. ती डिसेंबर २०२५ मध्यें पोरबंदराहून निघाली व जानेवारी २०२६ मध्यें मस्कतास पोहोंचली. स्नेही गप्प झाले. नंतर आमच्या नौकेचें शीड कोणत्या कापडाचें असावें, याबद्दल त्यांनींच पाऊण तास चर्चा केली. जुन्या धोतराचें ठरलें.

सर्व मिळून अकरा महिने लागले. नौका पुरी झाली त्या रविवारीं अंगणांत मोठें घंगाळ भरून ठेविलें. घरांतील लहानथोर बारा मंडळी भोंवतीं जमलीं. सुतारही आपल्या मुलास घेऊन आला होता. आम्हीं नौका पाण्यावर सोडली. ती तरली, पण तरतांच डाव्या अंगावर कलली. पठाणाचा वांक लपला नाहीं. सुताराच्या मुलानें न सांगतां अंगणांतले चार खडे वेंचून तिच्या उजव्या अंगास ठेविले. जहाजाच्या तळाशीं तोलासाठीं असा भार घालतात, त्यास नीरम म्हणतात. शब्द आम्हांस ठाऊक होता, खडे उचलण्याचें सुचलें नव्हतें. नौका सरळ झाली व सुनेनें पंख्यानें वारा घातला तशी पलीकडच्या कांठास लागली.

धाकट्या नातवानें सुतारास विचारलें, “काका, आजोबांना किती मार्क?”

त्यानें नौका उचलली, पाणी निथळूं दिलें, एका डोळ्यानें कण्याची रेघ पाहिली, फळ्यांवरून आंगठा फिरविला. घंगाळाभोंवतीं सर्वजण थांबलें होतें. आम्हांसही, खोटें कां सांगावें, छातींत धडधडत होतें. तो म्हणाला, “पस्तीस.”

“पास!” नातू ओरडला.

“तुला एकतीस दिले होते मीं,” आम्ही म्हणालों. “आणि जें बोललों तें बोलावयास नको होतें.”

“एकतीस नव्हे, गुरुजी, अठ्ठावीस,” तो हंसून म्हणाला, आणि नौका आमच्या हातांत देऊन मुलास घेऊन पंगतीला बसावयास आंत गेला. दुसऱ्या नौकेसाठीं शिवणीच्या पट्ट्या त्यानें परवांच पाठविल्या आहेत. या खेपेस दोन्ही बाजू बरोबरच चालल्या आहेत.