आडनावांचा माग : पोपा, उंगुरेआनू आणि आपण 'कर' मंडळी

2005 साली इंग्लंडमधील एका बालरुग्णालयात मी काही काळ काम करीत होतो. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या चाचणीत फिनाइलकीटोन्यूरिया आढळलेले जेमतेम दोन आठवड्यांचे एक बाळ आमच्याकडे आले. आईवडील रुमानियाचे. वडिलांचे आडनाव पोपा आणि आईचे माहेरचे आडनावही पोपाच. आजार रिसेसिव्ह जनुकाचा. तेव्हा वंशावळीच्या तक्त्याखाली आमच्यापैकी कोणीतरी 'नात्यातील विवाह?' असे लिहून ठेवले. बाईंच्या ते दृष्टीस पडले. त्या रागावल्या नाहीत. "आम्ही काही पाप केले म्हणून बाळाला हे झाले, असे तुम्हांला म्हणायचे आहे का?" एवढेच त्यांनी मला विचारले.

मी इंदूरचा. आमच्या बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी चार पाटील आणि तीन कुलकर्णी येतात, त्यांचे एकमेकांशी काही नाते नसते, हे मी रोज पाहत आलो होतो. तरी ते प्रश्नचिन्ह खोडावे असे मला आधी सुचले नाही, याची खंत आजही आहे. युरोपात हा आजार साधारण दहा हजार जन्मांत एकाला होतो; म्हणजे सुमारे पन्नासांत एक माणूस त्या जनुकाचा वाहक असतो. दोन अनोळखी वाहकांची गाठ पडायला नात्याची गरज नाही.

पोपा म्हणजे धर्मगुरू. ऑर्थोडॉक्स पंथात गावचा धर्मगुरू गृहस्थ असतो. दीक्षेपूर्वी त्याचे लग्न झालेले असते. त्यामुळे गावोगावी धर्मगुरू आणि गावोगावी त्यांची मुलेबाळे. त्यांतून कोणी पोपा झाले, कोणी पोपेस्कू, कोणी पोपोविच. 'एस्कू' हा 'अमक्याचा' असे सांगणारा प्रत्यय. 'ओविच' हा त्याच अर्थाचा, स्लाव्ह भाषांतून आलेला. आपण डॉक्टर मंडळी मरिनेस्को-श्योग्रेन हा विकार पाठ करतो, त्यातील मरिनेस्को म्हणजे बुखारेस्टचे मज्जातंतुतज्ज्ञ घेओर्गे मरिनेस्कू, अर्थात 'मारिनचा'. शेवटचा 'ओ' फ्रेंच लेखनाने चिकटवलेला.

पुढच्या भेटींत बाईंशी माझे सख्य जमले. त्यांच्या आईचे माहेर कार्पेथियन डोंगरांच्या दक्षिण पायथ्याशी, वायदेएनी नावाच्या गावी. तिकडचे आडनाव उंगुरेआनू. मी चटकन म्हणालो, "म्हणजे मूळ हंगेरियन!" बाई हसल्या. हीच चूक तिकडच्या शहरांतील लोकही करतात म्हणे. ट्रान्सिल्व्हानिया शतकानुशतके हंगेरीच्या राजमुकुटाखाली होता. तेथून, विशेषतः सिबिउ शहराच्या आसपासच्या खेड्यांतून, रुमानियन मेंढपाळ कळपांसह डोंगर ओलांडून वालाखियात आले, तेव्हा इकडच्यांनी त्यांना 'हंगेरीकडचे' म्हटले. भाषा तीच, धर्म तोच. फक्त वाट परकी. काही गावांत आजही दोन वस्त्या शेजारी शेजारी आहेत, एक मूळच्यांची आणि एक 'उंगुरेनीं'ची. उलट बाजूस ट्रान्सिल्व्हानियात मोल्दोवान हे आडनाव पैशाला पासरी आढळते.

येथे मला आपले 'कर' आठवले. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारील? गाव सोडून गेलेल्यालाच ते नाव चिकटते. तेव्हा उंगुरेआनू जेथे दाट आढळतात, तेथे त्यांचे मूळ शोधणे व्यर्थ. ती त्यांची मुक्कामाची जागा.

'व्लाख' या शब्दाची कथा तर याहून गमतीची. लॅटिनजन्य भाषा बोलणाऱ्या परक्याला जर्मन व स्लाव्ह शेजाऱ्यांनी दिलेले हे नाव. इंग्रजांचे 'वेल्स' त्याच मुळातले. हे लोक स्वतःला रुमान किंवा आर्मान म्हणवतात, म्हणजे रोमन. तरी हंगेरीत त्यांतील कितीकांचे आडनाव ओलाह पडले, ग्रीसमध्ये व्लाखोस. सोळाव्या शतकात एस्टरगोमचे आर्चबिशप झालेले निकोलाउस ओलाहुस हे त्यांतलेच, जन्म 1493, सिबिउचा. आणि सर्बियन नाटककार ब्रानिस्लाव्ह नुशिच 1864 साली बेलग्रेडला आर्मान घराण्यात जन्मले ते अल्किबियाद नुशा या नावाने. तरुणपणी त्यांनी ते बदलून अस्सल सर्बियन थाटाचे करून घेतले.

बाईंना आता आजोळचा शोध घ्यायची ओढ लागली होती, बाळाच्या निमित्ताने का होईना. अडचणी आपल्यासारख्याच. रुमानियन भाषा 1860 च्या दशकापर्यंत सिरिलिक लिपीत लिहिली जात होती. आजचा सुशिक्षित रुमानियन माणूस पणजोबांच्या चर्चमधील नोंदवहीपुढे तसाच अडतो, जसे आपण होळकरशाहीतील मोडी कागदापुढे. शिवाय तेथील राज्यात आडनाव कायद्याने स्थिर झाले ते 1895 साली. त्यापूर्वी बापाचे एक, मुलाचे दुसरे, असे सर्रास चाले. बाईंना मी एवढेच सुचवले, की आडनावाऐवजी गाव, बाप्तिस्म्याची नावे आणि व्यवसाय यांचा धागा धरा. तक्त्यावरचे ते प्रश्नचिन्ह आमच्या ज्येष्ठांनी स्वतः खोडले आणि बाईंची क्षमा मागितली. बाळ योग्य आहारावर चांगले वाढत होते.

परतल्यावर दोन वर्षांनी मी प्रथमच कोकणात आमच्या आडनावाच्या गावी गेलो. आमचे पूर्वज तेथून निघून होळकरांच्या चाकरीत आले, एवढेच घरात ठाऊक. गावात आमच्या आडनावाचे एकही घर नव्हते. देवळाच्या पायरीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी माझे नाव विचारले, ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते झालं गावाचं. तुमचं आडनाव काय?"

मला सांगता आले नाही.