एक मिलिमीटर, एक टँकर

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या अनसिंग मंडळात ६५ हा आकडा शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही पाठ असतो. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि मग पंचनाम्याची गोष्ट निघते. पाऊस ६२ वर थांबला की पारावर दिवसभर तोच विषय. पण ६५ मिलिमीटर म्हणजे नेमकं किती पाणी, असं विचारलं तर बहुतेकजण बोटांची पेरं दाखवतात. पेरांचा हिशेब चुकीचा नाही, पण त्यात पाण्याचं वजन दिसत नाही.

मी एक सोपं माप धरलं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, म्हणून हेक्टरभर जागेवर एका मिलिमीटरचे दहा हजार लिटर होतात. दहा हजार लिटरचा टँकर आपल्या भागात कुणाला दाखवावा लागत नाही. मे महिन्यात त्याच्याभोवती हंडे, गुंड आणि बादल्यांची रांग लागते. तेवढं पाणी, एक हेक्टर, एक मिलिमीटर. त्या हिशेबाने अतिवृष्टीच्या दिवशी प्रत्येक हेक्टरावर ६५ टँकर रिकामे होतात, आणि एकराला २६.

आता हेच माप घेऊन मुंबईला जाऊ.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. वाशीम जिल्ह्यात सगळ्या वर्षाचा सरासरी पाऊस साधारण आठ-नऊशे मिलिमीटर. म्हणजे मृगापासून परतीच्या पावसापर्यंत आपण ज्याची वाट बघतो, ज्यावर सोयाबीन, तूर, विहिरी आणि तलाव सगळं अवलंबून असतं, ते सगळं एका दिवसात तिथे कोसळलं. हेक्टरी ९४४ टँकर. त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर पडले होते. एकाच शहराच्या एका टोकाला आपली साधी अतिवृष्टी आणि दुसऱ्या टोकाला आपलं अख्खं वर्ष.

माझ्या मते दिवसाच्या आकड्यापेक्षा तासाचा आकडा जास्त भयंकर आहे. त्या दुपारी एका तासात तिथे १९० मिलिमीटर पडले. हेक्टरावर दर एकोणीस सेकंदांना एक टँकर, तासभर, न थांबता. एका टँकरचा नळ उघडून तो रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते आठवून बघा. शहर बुडतं ते दिवसभराच्या रिपरिपीने नाही, या एका तासाने. म्हणून पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा करणारे इंजिनिअर आधी विचारतात, तासाला किती? आपल्याकडे पाऊस चोवीस तासांत मोजतात, आणि शेतासाठी ते माप पुरतं. गल्लीसाठी ते पुरत नाही. ६५ मिलिमीटर दिवसभरात पडले तर बाजार भरतो. तेच पाऊण तासात पडले तर बाजारातल्या पाट्या तरंगतात.

मुंबई महापालिकेची हद्द सुमारे ४३८ चौरस किलोमीटर, म्हणजे ४३ हजार हेक्टरांहून अधिक. शहरभर एक मिलिमीटर पाऊस पडला, नुसता रस्ता ओला झाला, तरी ४३ हजारांवर टँकर झाले. एका टँकरला दहा मीटर जागा धरून ते एकामागे एक उभे केले, तर अनसिंगहून निघालेली रांग नाशिकच्या आसपास पोचेल. नऊ मिलिमीटर, म्हणजे एक बरी सर, झाली की शहराच्या दिवसभराच्या नळाच्या पाण्याएवढं पाणी वरून येतं. मुंबईचा रोजचा पाणीपुरवठा सुमारे ३८५ कोटी लिटर आहे. तो बहुतांशी शहराबाहेरच्या धरणांतून अजस्र जलवाहिन्यांनी आणावा लागतो. ढग तेवढंच पाणी एका सरीत आणून टाकतो आणि ते कुठे न्यायचं हे आपल्यावर सोडतो.

जुन्या मुंबईच्या गटारांचा हिशेब तासाला २५ मिलिमीटर पावसाचा होता, आणि तोही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. १९८५ च्या पुरानंतर शहराच्या पर्जन्यजल वाहिन्यांचा मोठा अभ्यास झाला आणि १९९३ मध्ये त्याचा अहवाल आला. ‘ब्रिमस्टोवॅड’ हे त्याचं नाव मुंबईकरांनी पावसाळ्यात शंभरदा ऐकलेलं असतं. त्याने माप बदललं. तासाला ५० मिलिमीटर धरा, आणि आता मुरणार काहीच नाही असं धरा. वाचताना वाटतं, २५ चे ५० झाले, दुप्पट. नीट मांडून बघा. आधी २५ चे निम्मे, साडेबारा मिलिमीटर गटारात यायचे. आता पूर्ण ५० येणार. पाणी चौपट झालं, आणि त्यातली एक दुप्पट आभाळाने केलेली नाही. ती डांबराने, सिमेंटने आणि फरशीने केली. मला या सगळ्या विषयात हाच आकडा सगळ्यात मोठा वाटतो, जरी तो दिसायला सगळ्यात लहान आहे.

अहवाल कागदावर असतानाच २००५ चा तो दिवस आला. मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली.

पाणी समुद्रात सोडायला काय अडचण आहे, असं आपल्यासारख्या समुद्र न पाहिलेल्या मुलखातल्या माणसाला वाटतं. मुंबईत पावसाचं पाणी समुद्रात आणि खाड्यांत सोडणारी १८६ मुखं आहेत. त्यांतली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्या खाली आहेत. आणखी १३५ भरतीच्या पातळीच्या खाली. भरतीच्या वेळीही मोकळी राहतात अशी फक्त सहा. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की १८० दारं आतून ढकलून उघडत नाहीत. उलट समुद्रच आत येऊ पाहतो.

म्हणून हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथे पंपिंग स्टेशनं उभी राहिली. त्यांतल्या एकेका मोठ्या पंपाची ताकद सेकंदाला ६००० लिटर. आपला टँकर पावणेदोन सेकंदांच्या आत रिकामा! विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीची सवय असलेल्या माणसाला हे अचाट वाटतं. तासाला हा पंप २१६० टँकर फेकतो. पण तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडत असेल तर २१६० टँकर म्हणजे फक्त ४३ हेक्टरांचं पाणी. एवढा राक्षसी पंप शंभर-सव्वाशे एकर सांभाळतो. सगळी मुंबई नुसत्या पंपांवर कोरडी ठेवायची म्हटली तर असे हजार पंप लागतील.

मग पाणी साठवून ठेवायचं का? जपानमध्ये टोकियोजवळ कासुकाबे इथे जमिनीखाली पुराच्या पाण्यासाठी बांधलेला जगप्रसिद्ध हौद आहे. १७७ मीटर लांब, ७८ मीटर रुंद, १८ मीटर उंच, आत ५९ खांब. फोटोत तो एखाद्या महाकाय देवळाच्या सभामंडपासारखा दिसतो. ६.३ किलोमीटरचा बोगदा नद्यांचं जादा पाणी त्यात आणतो. तिथले पंप सेकंदाला २०० घनमीटर, आपले वीस टँकर, बाहेरच्या मोठ्या नदीत सोडतात. खांबांची जागा सोडून द्या, त्या हौदाचं आकारमान जेमतेम २५ हजार टँकर भरतं. मुंबईवर पडणाऱ्या पावसाच्या मापाने? अर्ध्या मिलिमीटरहून थोडंसं जास्त. रस्ता नीट भिजतही नाही तेवढं. हा हिशेब मी तीन वेळा पुन्हा केला.

त्यांचा हौद काही चुकलेला नाही. तो अख्ख्या शहराचा पाऊस पोटात घ्यायला बांधलेलाच नाही. नद्यांचं शेवटचं उतू जाणारं पाणी त्याने घ्यायचं असतं, बाकीचं नद्या आणि जमीन घेतात. मुंबईतही हिंदमाता या सखल भागात तुंबणारं पाणी धरायला मैदानाखाली टाक्या केल्या आहेत, आणि त्या तशाच एका जागेपुरत्या आहेत. कोणताही एक उपाय शहराच्या पावसाएवढा मोठा होऊच शकत नाही. पाणी पडतं तिथेच थोडं अडवलं, थोडं मुरवलं, उरलेल्याला वाट मोकळी ठेवली, तरच पंपाचा आणि टाकीचा हिशेब लागतो.

यंदा मे महिन्यात मी टेप घेऊन आमच्या घरासमोरची नाली मोजली. एक फूट रुंद, एक फूट खोल. पाणी सेकंदाला मीटरभर वेगाने धावलं तर तिच्यातून सेकंदाला ९० लिटर जातात. तासाला ५० मिलिमीटरच्या पावसात हेक्टरावर सेकंदाला १३९ लिटर पाणी तयार होतं. म्हणजे ही नाली पूर्ण साफ असेल तर दीड-एक एकर वस्ती सांभाळेल. पण तळाशी सहा इंच गाळ होता, त्यात पन्नीच्या पिशव्या आणि एक फुटकी चप्पल. अर्धी भरली म्हणजे निम्मी ताकद राहिली असं वाटतं. प्रत्यक्षात तेवढीही राहत नाही, कारण उथळ पाण्याला तळाचा आणि भिंतींचा अडसर जास्त जाणवतो. उरतात दोन-पंचमांश. गल्लीतल्या चार पोरांनी आणि मी एका सकाळी ती उपसली. सोळा घमेली निघाली, नंतर मोजणं सोडलं.

आमच्या टिनाच्या छपराचं क्षेत्र सहाशे चौरस फूट. ५० मिलिमीटरच्या तासात त्यावरून पावणेतीन हजार लिटर पाणी उतरतं, दोनशे लिटरचे चौदा ड्रम. पूर्वी ते सगळं अंगणातल्या काळ्या मातीत जायचं. उन्हाळ्यात भेगाळलेली आमची जमीन पहिले दोन पाऊस गटागट पिते, मग फुगते, भेगा मिटतात आणि शेत चिबडतं. तरी निम्मं पाणी तरी ती ठेवून घ्यायची. आता गल्लीत सिमेंटचा रस्ता आला, आणि घरोघरी अंगणात गट्टू बसताहेत. चिखल गेला, म्हाताऱ्या माणसांचं घसरणं थांबलं, ही सुखाची गोष्ट आहे. पण मुंबईच्या त्या हिशेबातला निम्मा पाऊस मुरवणारा हिस्सा आम्हीही घराघरातून काढून टाकतो आहोत, आणि नाली तीच एक फुटाची आहे.

आम्ही निम्म्या अंगणात गट्टू बसवले, निम्मं मातीचंच ठेवलं. मातीच्या भागात छपराच्या पन्हाळीखाली चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल शोषखड्डा खणला आणि विटांचे तुकडे भरले. पहिल्या जोराच्या पावसात तो पाव तासात भरून वाहायला लागला. शेजारच्या काकांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, “अजून काळीच माती आहे बापू. मुरूम लागेपर्यंत खाली जा, मग पिईल.” पाऊस उघडला की विटा काढून आणखी दोन फूट खणायचं आहे.